लेणे, गुंफा आणि विस्मय

डोंगरकड्यात कोरलेली लेणी आणि कातळमाथ्यावरील दुर्ग ह्यांविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा बराच भाग उद्गारवाचक असतो. मानवी हातांनी हे कसे घडविले असेल, ह्या उद्गारापाशी लेखक थांबतो आणि वाचकही समाधान पावतो. विस्मयास आमची हरकत नाही. परंतु ह्या वास्तूंना त्यांच्या कर्त्यांनी कोणती नावे दिली होती, हे विचारताच विस्मयाचा विषयच पालटतो.

विस्मयाची परंपरा तशी जुनीच आहे. राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्ष ह्याच्या शके 734 (इ. स. 812) मधील बडोदे ताम्रपटात कृष्णराजाच्या वेरूळ येथील देवालयाचे वर्णन आले आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि खुद्द शिल्पीही, आपल्या हातून हे घडले कसे, म्हणून चकित होतो. हा प्रशस्तिकाव्याचा संकेत होय. आजच्या प्रवासवर्णनकारांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे. फरक इतकाच की, देवांच्या जागी परदेशी पाहुणे आले आहेत.

ह्याच्या सुमारे सात शतके आधीच्या प्राकृत लेखांची भाषा अगदी निराळी आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने 'लेण' आणि 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, करविल्याची नोंद आहे. तेथे थक्क होणारा कोणी नाही. तेथे हिशेब आहे. विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली आहे : 2000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज 240 कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावयाचे, तर बरोबर तितकेच लागतात. कड्याच्या पोटातला निवास कोरून झाल्यावर तो चालावयाचा कसा, ह्याचा विचार दात्याने आधीच केला होता. आम्हांस खरा विस्मय वाटतो तो ह्याचा. कार्ले येथे वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपल्या कृतीस जंबुद्वीपात उत्तम म्हणतो खरा, पण म्हणतो ते 'सेलघर'. अभिमान आहे, आणि तो घराचा आहे.

'लेण' हे संस्कृत 'लयन' शब्दाचे प्राकृत रूप. त्याचा अर्थ विसाव्याची, राहण्याची जागा. मराठी 'लेणे' थेट तेथून आले. अंगावर घालावयाचे लेणे हा निराळा शब्द. तो 'लेणे', म्हणजे परिधान करणे, ह्या क्रियापदाचा. दोहोंचे रूप एक झाल्याने लेण्यांना 'सह्याद्रीचा अलंकार' म्हणण्याची हौस आमच्या लेखकांना सुटली आहे. कोटी म्हणून ती खपेल. व्युत्पत्ती म्हणून ती चालणार नाही. निवासाचा दागिना झाला की त्यातला राहणारा माणूस नाहीसा होतो. इंग्रजीच्या छायेने रूढ झालेल्या 'गुहा' आणि 'गुंफा' ह्या शब्दांनी तर अधिकच हानी केली आहे, कारण गुहा निसर्गाची असते. तिला ना दाता असतो, ना ठेव.

त्याच नाशिकच्या लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीस 'ओवरक' म्हटले आहे. संस्कृतात 'अपवरक', मराठीत 'ओवरी'. देवळाच्या आवारातील ओवऱ्या वऱ्हाडात कोणास ठाऊक नाहीत? 'पोढी' मात्र बोलीतून मागे पडून तिची जागा 'टाके' ह्या शब्दाने घेतली. जुन्नरजवळच्या शिवनेरीवर ही दोन्ही युगे एकाच डोंगरात दिसतात : कड्यांत बौद्ध लेणी आणि माथ्यावर दुर्ग. भिक्षूंनाही आणि गडकऱ्यांनाही कातळ खोदल्यावाचून पाणी मिळत नव्हते.

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ह्या अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चिखली तालुक्यातील उंद्री ज्या पठारावर वसले आहे, ते अजिंठ्याच्या डोंगररांगेचाच पूर्वेकडील विस्तार आहे. कातळही तोच, थरांथरांचा काळा बेसाल्ट. ह्या अजिंठ्याविषयी, ही लेणी विस्मृतीत गेली होती आणि 1819 मध्ये जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ती शोधून काढली, असे आमची पुस्तके अजूनही निःशंकपणे सांगतात. स्मिथने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले, हे खरे. परंतु वाघोरा नदीच्या त्याच घळीच्या वरच्या अंगास एक खेडे आहे, आणि त्याचे नाव लेणापूर. हे नाव इंग्रजाने ठेवलेले नव्हे. ज्यांनी ते ठेवले त्यांना लेणी ठाऊक होती, आणि त्यांना काय म्हणावयाचे हेही ठाऊक होते.