गोविंद स्वरूप यांचं काम कोणत्या रकान्यात लिहायचं?

आमच्या वार्षिक प्रगती-आढाव्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: प्रकाशित पेपरांची संख्या. यंदा मी तिथे ‘१’ लिहिलं. डेटातला मानवनिर्मित रेडिओ गोंगाट काढणारा प्रोग्रॅम लिहिण्यात सात महिने गेले होते, पण त्यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. त्या रात्री मी गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचे जुने पेपर वाचायला घेतले. म्हटलं, याच पट्टीवर यांना मोजून बघू.

‘भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचे जनक’ हे बिरूद तुम्ही ऐकलं असेलच. मला ते फारसं आवडत नाही, कारण त्यातून नेमकं काय केलं ते कळत नाही. म्हणून आधी पेपरच बघू. १९५८ मध्ये त्यांनी ॲलन मॅक्सवेल यांच्यासोबत सूर्याच्या ‘यू’ प्रकारच्या रेडिओ स्फोटांचं वर्णन केलं. १९६१ मध्ये यांग यांच्यासोबतचा पेपर आला, तो वरवर अगदी रुक्ष आहे. अनेक अँटेना जोडायच्या तर केबलमधून येणाऱ्या लहरींची कला जुळावी लागते. पण केबलची लांबी तापमानानं बदलते. यांनी सुचवलं की संकेत अँटेनापर्यंत पाठवा, तिथून परत आणा आणि फरक मध्यवर्ती ठिकाणी बसूनच मोजा. साधी युक्ती, पण पुढे मोठ्या दुर्बिणींना फार उपयोगी पडली.

आता थोडी टीका. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीच्या दुर्बिणीतून चांद्र पिधानं (चंद्र रेडिओ स्रोतांना झाकतो ते क्षण) वापरून स्रोतांचे कोनीय आकार मोजले. मंद स्रोत सरासरीनं लहान दिसतात आणि हे उत्क्रांत होणाऱ्या विश्वाशी जुळतं, असा निष्कर्ष निघाला. बऱ्याच लेखांत यालाच स्थिर-स्थिती सिद्धांतावरचा निर्णायक घाव म्हटलं जातं. मला ते जास्तीचं वाटतं. वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण १९६५ मध्येच सापडलं होतं. शिवाय स्रोतच काळानुसार बदलत असतील, तर या आकारांवरून विश्वाची भूमिती ठरवणं अवघड. पुरावा चांगला होता, पण एकटा नव्हता.

मग प्रभाव कुठे आहे? उटीला डोंगराचा उतार सुमारे ११ अंशांचा, म्हणजे तिथल्या अक्षांशाएवढाच. त्यावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उत्तर-दक्षिण ठेवली की तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. एकाच अक्षाभोवती फिरवली तरी तारा तासन्‌तास टिपता येतो. खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. घन पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणल्यामुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो, खर्च उतरतो. किंमत मात्र मोजावी लागली: ही जाळी फक्त लांब तरंगलहरींसाठीच चालते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जीएमआरटीचा एक मुख्य हेतू होता, दीर्घिकांचे समूह बनण्याआधीचे हायड्रोजनचे प्रचंड ढग शोधणं. ते काही सापडले नाहीत! रकान्याच्या भाषेत हे अपयश.

पण दुर्बीण तिथेच थांबली नाही. पल्सारांच्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्याला तिचा हातभार लागला. त्याआधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, अद्ययावत जीएमआरटीच्या डेटातून साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला गेला. स्वरूप ७ सप्टेंबरला गेले होते. त्या पेपरच्या लेखकांत त्यांचं नाव नाही, आणि ते बरोबरच आहे. विश्लेषण इतरांचं होतं. पण एच-इंडेक्स फक्त लेखकांची नावं बघतो. ज्या दुर्बिणीवाचून पेपर झालाच नसता, ती आभारापुरती उरते.

पेपर मोजू नका, असं मी म्हणत नाही. १९६१ चा पेपर छापला नसता तर ती युक्ती इतरांपर्यंत पोचली नसती. पण फक्त पेपरच मोजले, तर हुशार विद्यार्थी जाळी विणायला, केबल तपासायला, गोंगाट काढायला येणार नाहीत. मग पुढची दुर्बीण कोण बांधणार?

पुढच्या वर्षी मी त्या फॉर्मवर एक रकाना हातानं आखणार आहे. तुमच्या विभागात असा रकाना असेल तर जरूर कळवा.