नायक, शोकात्मिका आणि उसाचे मळे : हैतीच्या क्रांतीची कथनरूपे

सी. एल. आर. जेम्स यांचा ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ हा ग्रंथ इतिहास म्हणून वाचला जातो. मात्र त्यापूर्वीच, १९३६ मध्ये, जेम्स यांनी हा विषय नाटकाच्या रूपाने लंडनच्या रंगभूमीवर आणला होता आणि टूसाँ लूव्हेर्त्यूरची भूमिका पॉल रोब्सन यांनी केली होती. ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. १९३८ च्या ग्रंथातही नाटकाची ही रचना टिकून आहे : मध्यभागी एक असामान्य पुरुष, त्याच्या भोवती जनसमूह, आणि त्या पुरुषाच्या उत्कर्ष-पतनाशी जखडलेली काळाची गती. सां-दोमँग या फ्रेंच वसाहतीत ऑगस्ट १७९१ मध्ये ज्यांनी उसाचे मळे पेटविले, त्यांची संख्या आणि त्यांचा रोष ग्रंथात आहे. त्यांची नावे क्वचितच आहेत.

१९६३ च्या सुधारित आवृत्तीत जेम्स यांनी टूसाँच्या शोकात्मतेविषयी काही परिच्छेद घातले. डेव्हिड स्कॉट यांनी २००४ मध्ये या भरीवरच आपला सिद्धान्त उभा केला. त्यांच्या मते पहिली आवृत्ती मुक्तीच्या अद्भुतरम्य कथनाची आहे, तर दुसरी शोकात्मिकेकडे वळते. आणि स्वातंत्र्योत्तर भ्रमनिरासाच्या काळाला हे दुसरे रूपच अधिक उपकारक ठरते. ही मांडणी चतुर आहे, आणि कथनरूप हा इतिहासाचा अलंकार नसून त्याचा युक्तिवादच असतो, हे तिने पटवून दिले. तथापि एक प्रश्न ती मुळातून विचारीत नाही : शोकात्मिका कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर मोईझच्या प्रसंगात शोधावे लागते. टूसाँने मळे टिकविण्यासाठी मुक्त झालेल्या मजुरांना लष्करी शिस्तीत पुन्हा त्याच मळ्यांना बांधले आणि १८०१ च्या संविधानाने स्वतःला तहहयात गव्हर्नर ठरविले. त्याच वर्षी उत्तरेत मजुरांनी बंड केले. या बंडाशी संबंध जोडून टूसाँने आपला दत्तक पुतण्या सेनापती मोईझ याला देहान्त शासन दिले. जेम्स या कृत्याचे समर्थन करीत नाहीत. उलट अत्यंत कठोर निवाडा देतात. पण शोकात्मिकेच्या चौकटीत ही घटना नायकाचा प्रमाद ठरते. मजुरांच्या बाजूने पाहिल्यास तिला प्रमाद म्हणणे अपुरे आहे. तो स्वातंत्र्याच्या अर्थाविषयीचाच कलह होता : निर्यातीची साखर की स्वतःच्या कसणुकीचा जमिनीचा तुकडा? नायकाच्या अंतर्द्वंद्वात हा कलह विरघळविला की दुसरा पक्ष केवळ समूहस्वर होऊन राहतो.

आलेहो कार्पेंत्येर यांची १९४९ ची ‘या जगाचे राज्य’ ही कादंबरी येथे वेगळी वाट धरते. (तिच्याविषयीची बहुतेक चर्चा प्रस्तावनेतील ‘अद्भुत वास्तवा’पाशीच अडकून पडते, हे दुर्दैव.) तीत नायक म्हणून टूसाँला जवळजवळ स्थान नाही. युद्धाचा निर्णायक भाग घडतो तेव्हा गुलाम टी नोएल मालकासोबत क्यूबात असतो. परततो तो मुक्त माणूस म्हणून, आणि राजा हेन्री क्रिस्तोफच्या किल्ल्यासाठी विटा वाहण्यास जुंपला जातो. जी घटना इतर कथनांचा कळस असते ती गाळून कार्पेंत्येर तिच्यानंतरची सक्तमजुरी दाखवितात. एमे सेझेर यांचे क्रिस्तोफवरील नाटक, योगायोगाने १९६३ चेच, पुन्हा राजाला मध्यभागी आणते.

तरीही टी नोएल हा इतिहासाचा साक्षी आहे, कर्ता नव्हे. आणि मिशेल-रोल्फ त्रुइयो यांच्या १९९५ च्या विवेचनाची धार याच ठिकाणी लागते. १८०२ मध्ये टूसाँ, देसालीन आणि क्रिस्तोफ यांनी लक्लेर्कच्या फ्रेंच सैन्यापुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा सां-सूसी नावाचा आफ्रिकेत जन्मलेला सेनानी लढत राहिला. पुढे हेच सेनापती फ्रेंचांविरुद्ध उलटले. पण त्याने त्यांचे नेतृत्व मान्य केले नाही आणि क्रिस्तोफने त्याला मारविले. राजा झाल्यावर क्रिस्तोफने बांधलेल्या राजवाड्याचे नावही सां-सूसी. हे नाव प्रशियाच्या राजाच्या प्रासादावरून घेतले असे सांगितले जाते; त्रुइयो यांना त्यात मारलेल्या शत्रूवरचा विजय, त्याचे पुसून टाकणे दिसते.

कार्पेंत्येर यांनी त्या राजवाड्याची गुलाबी भव्यता तपशिलाने रंगविली आहे; त्या नावाचा माणूस मात्र त्यांच्या कादंबरीत कोठेही भेटत नाही.