वावरक्षेत्राचा आकडा आणि अधिवासाचा अर्थ

लहान रानमांजरांविषयीच्या संशोधनात ‘वावरक्षेत्र’ ही संज्ञा इतक्या सहजतेने योजली जाते, की तिच्यामागील कल्पना एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे. डब्ल्यू. एच. बर्ट यांनी १९४३ साली केलेल्या व्याख्येत भक्ष्य मिळविणे, समागम आणि पिलांचे संगोपन या नित्यव्यवहारांत प्राणी जेवढ्या प्रदेशात वावरतो तेवढाच अभिप्रेत आहे. क्वचित घडणारी बाहेरची भटकंती त्यांनी स्पष्टपणे वगळली होती.

तथापि हे क्षेत्र मोजण्याची रूढ रीत, म्हणजे सर्वांत बाहेरच्या नोंदी जोडून होणारा लघुतम बहिर्वक्र बहुभुज, नेमके त्या भटकंतीलाच अवास्तव महत्त्व देते. समजा, एका मांजराच्या सर्व नोंदी एक किलोमीटर बाजूच्या चौरसात सामावल्या आहेत. आता एका बाजूच्या मध्यापासून काटकोनात २ किलोमीटर बाहेर एकच नोंद मिळाली, तर बहुभुजाचे क्षेत्रफळ दुप्पट होते. मांजराचा नित्यक्रम मात्र तसूभरही बदललेला नसतो. वर्टन यांनी १९८९ मध्ये पुरस्कारिलेली, नोंदींच्या घनतेवर आधारलेली पद्धत हा दोष कमी करते. परंतु तिचे फलितही प्रत्येक नोंदीभोवती कल्पिलेल्या प्रसाराच्या रुंदीवर अवलंबून राहते. सारांश, पद्धत, नोंदींची संख्या आणि त्यांचे प्रहर सांगितल्यावाचून दिलेला आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

अधिवासाच्या वापराविषयी हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. बोर्निओतील सबाह प्रांतात बिबट मांजरांना रेडिओ-पट्टे बसवून राजरत्नम व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीरवर्गीय प्राणी हे तेथील मांजरांचे मुख्य भक्ष्य असून, तेलताडाच्या मळ्यांचा वापर त्यांच्या उपलब्धतेच्या मानाने अधिक आढळला. उरलेल्या वनखंडांचे महत्त्व मात्र विश्रांतीसाठी, आणि बहुधा प्रजननासाठी, असल्याचे लेखकांनी नोंदविले. या दोन्ही बाबी एकत्र मांडल्या, हा त्या लेखाचा मोठा गुण होय. मात्र केवळ निवडीचा निर्देशांक उचलणारा वाचक ‘मांजराला मळा मानवतो’ एवढाच निष्कर्ष काढील, आणि तो चुकीचा ठरेल. निर्देशांक वाट्याला आलेला वेळ मोजतो, अपरिहार्यता मोजीत नाही. जी जागा थोडा वेळ लागते, पण जिच्यावाचून पिले वाढत नाहीत, ती या हिशेबात गौण ठरते. जॉन्सन यांनी १९८० मध्ये निवडीचे स्तर वेगळे केले ते याचसाठी. वनखंड वावरक्षेत्रात असणे हीच आधीच्या स्तरावर झालेली निवड असू शकते. क्षेत्राच्या आतील तुलना ती झाकून टाकते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या वेळी फडात वाघाटीची पिले सापडतात. यावरून वाघाटी उसात वीण घालते हे सिद्ध होते; ऊस तिला पुरेसा आहे हे सिद्ध होत नाही, कारण तोडणीबरोबर तो आसरा नाहीसा होतो. अशा नोंदींच्या आधारे बांधावरची झुडपे, ओढ्याकाठची झाडी आणि खडकाळ माळ अनावश्यक ठरविले गेले, तर त्या चुकीची किंमत वाघाटीला मोजावी लागेल. म्हणून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने क्षेत्रफळ किती, हे सांगण्यापूर्वी प्राणी कोठे शिकार करतो, कोठे निजतो आणि कोठे वितो, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावीत.