‘अस्सल पैठणी कशी ओळखाल?’ या लेखांची एक चिकित्सा



पेट झाली, आता संशोधन आराखडा लिहायचा आहे, आणि ‘साहित्याची चिकित्सा करा’ म्हणजे नेमकं काय करायचं तेच कळत नाही, असं बरेच जण विचारतात. शोधनिबंध घेऊन समजावलं तर तुम्ही कंटाळाल. म्हणून आज रोजच्या वाचनातलं उदाहरण घेऊ. आखाजी, दिवाळी, लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर फिरणारे ‘अस्सल पैठणी कशी ओळखाल?’ हे लेख.

हे लेख तपासायला हवेत, कारण आपल्या म्हसावदपासून येवला आणि पैठण दोन्ही लांब. विणकर आपल्या डोळ्यांसमोर नसतो. घेणारी बाई दुकानदारावर आणि अशा लेखांवरच विसंबते.

१. दोन हजार वर्षांचा दावा

बहुतेक लेखांची सुरुवात ठरलेली: सातवाहनांच्या काळात पैठणी रोमला जायची आणि बदल्यात सोनं यायचं. संदर्भ दिलाच, तर तो ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथाचा असतो. आता मूळ मजकूर काय सांगतो बघा. पैठणहून अकीकसारखे दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, साधं कापड आणि मलमल गाड्यांतून बॅरिगाझाला यायची. बॅरिगाझा म्हणजे भरूच. म्हसावदहून ते पैठणपेक्षा जवळ आहे!

म्हणजे या उताऱ्यात पैठणच्या नावावर दगड आहेत. कापड आहे ते तेरचं, आणि तेही रेशीम-जरीचं नाही. यावरून पैठणला तेव्हा रेशीम विणत नव्हते असं सिद्ध होत नाही हं. एवढंच म्हणता येतं की हा पुरावा त्या दाव्याचं ओझं पेलत नाही. ‘दावा खोटा आहे’ आणि ‘दिलेला पुरावा पुरत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. चिकित्सेत बहुतेक वेळा दुसरंच लिहावं लागतं.

२. उलटी बाजू बघा

हा सल्ला खरंच चांगला आहे. पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाच्या आडव्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. एक रंग संपतो तिथे विणकर तो धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. त्यामुळे मोर, मुनिया, असावली मागूनही जवळपास तशीच दिसते. जॅकार्डवर नक्षी काढली की धागे मागच्या बाजूने लोंबत जातात किंवा कापलेले दिसतात.

पण लेख इथे एक पायरी गाळतात. ‘मागे धागे लोंबतात, म्हणजे यंत्रमाग’ असा निष्कर्ष थेट काढतात. जॅकार्ड हातमागावरही बसवतात. येवल्यात ब्रोकेड पैठणी अशीच हाताने विणली जाते. म्हणजे ही चाचणी विणीचा प्रकार सांगते. माग हाताने चालला की विजेवर, हे ती सांगत नाही. तुमच्या प्रयोगातही हेच विचारा: माझं उपकरण मला हवी ती गोष्ट मोजतंय, की तिच्या शेजारची?

३. एका शब्दात चार प्रश्न

खरी गडबड ‘अस्सल’ या शब्दात आहे. त्यात किमान चार प्रश्न दडलेत:

- धागा रेशमाचा आहे का? हे सिल्क मार्क सांगतं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ते २००४ मध्ये आलं. मागाबद्दल ते काहीच सांगत नाही.
- कापड हातमागावर विणलंय का? त्यासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे.
- ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या पद्धतीने बनलंय का? त्यासाठी भौगोलिक मानांकन.
- जर कशाची? खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो. आज तांब्याची आणि पॉलिस्टरचीही जर सर्रास मिळते. सराफाकडच्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्रासारख्या उपकरणाने धागा न तोडता धातू कळतात.

आता धागा जाळून बघण्याची चाचणी घ्या. जळक्या केसांचा वास आला म्हणजे प्रथिनाचा धागा. पण लोकरही तसाच वास देते, आणि यंत्रमागावरचं रेशीमही. तरी लेखाचा शेवट ‘म्हणजे पैठणी अस्सल’ असाच!

४. मग बिघडलं काय?

बिघडतं ते विणकराचं. यंत्रमागाची रेशमी साडी सिल्क मार्क दाखवून ‘अस्सल’ ठरते. हातमागावर जॅकार्ड चालवणाऱ्याची साडी मागचे धागे बघून ‘नकली’ ठरते. पदर कांड्यांनी विणणारा एका साडीवर कित्येक आठवडे, कधी महिने बसतो. त्याच्या मालाशेजारी स्वस्त साडी त्याच नावाने मांडली जाते, आणि गिऱ्हाईक ‘एवढी महाग का?’ म्हणून त्यालाच विचारतं. चुकीच्या चाचणीची किंमत अशी कुणाच्या तरी मजुरीतून वसूल होते.

हे लेख सोप्या मराठीत असतात, लोकांपर्यंत पोचतात, हे त्यांचं श्रेय आहेच. त्यांनी फक्त प्रत्येक चाचणीपुढे ‘यातून काय कळत नाही’ हे एक वाक्य जोडलं, तरी ते दुप्पट उपयोगी होतील.

तुमच्यासाठी गृहपाठ

‘गावरान तूप’, ‘सेंद्रिय भाजी’, ‘शुद्ध मध’, यातला एक दावा निवडा. वहीत तीन रकाने आखा: दावा काय, चाचणी नेमकं काय मोजते, आणि तोच निकाल दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकतो. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या. तुमच्या आराखड्यावर मुलाखतीत प्रश्न येतील ते बहुतेक त्याच रकान्यातले असतील.