बंद पडला, बंद केला, बंद ठेवला

प्रवेश परीक्षेची तयारी करताना इंग्रजीचं एखादं गाइड तुम्ही चाळलं असेलच. त्यात फ्रेझल व्हर्ब्जची यादी असते. ब्रेक डाउन म्हणजे बंद पडणे, शट डाउन म्हणजे बंद करणे, क्लोज डाउन म्हणजे पुन्हा बंद करणेच. परीक्षेत एक मार्क मिळून जातो. संशोधनात मात्र हीच यादी घात करते, माझा आक्षेप तिथे आहे.

समजा, तुम्ही मालेगावच्या यंत्रमागांवर प्रबंध लिहिताय. मुलाखती बऱ्याचशा उर्दूत होणार, टिपणं मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत. एक कामगार सांगतो, "लूम बंद पड गया." दुसरा म्हणतो, "सेठने बंद कर दिया." तिसरा, "मंदी थी, आठ दिन बंद रखा." मराठीत हे अलगद उतरतं: पडला, केला, ठेवला. 'पडणे'त कोणाची इच्छा नाही. 'ठेवणे'त निर्णय आहे, शिवाय पुन्हा चालू करायचा इरादाही. पण इंग्रजीत जाताना तिन्हींचं 'द लूम्स वेअर शट डाउन' होऊन बसतं. कोणी बंद केले, हेही गेलं.

इंग्रजीतला फरक वेगळ्या जागी आहे. ब्रेक डाउन म्हणजे बिघाड. शट डाउन म्हणजे कोणीतरी यंत्र किंवा कारखाना थांबवला, तात्पुरता किंवा कायमचा. क्लोज डाउन म्हणजे धंदाच गुंडाळला, बहुतेक कायमचा. एकट्या मागाबद्दल ते सहसा कोणी म्हणत नाही.

आता आपलं 'बंद पडणे' बघा. बिघडलेला माग बंद पडतो, कर्जात बुडालेला कारखानाही बंदच पडतो. यादीवर विसंबून दुसऱ्यालाही ब्रेक डाउन लिहिलंत, की मंदीचा प्रश्न मेकॅनिकचा होतो! विणलेल्या कापडावर मजुरी मिळणाऱ्या माणसाचा रोज बिघाडाने बुडाला की मालकाच्या निर्णयाने, हाच तर तुमचा विषय होता. तो एका रकान्यात गडप.

ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत. त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. परक्या विद्यार्थ्याला अर्थ सांगून भागत नाही, क्रियापद कोणत्या रचनेत बसतं तेही दाखवावं लागतं, हे त्यात होतं. आपली गाइडं अजून दोन रकान्यांवरच अडलीयेत.

म्हणून टिपणात मूळ क्रियापद तसंच ठेवा, उर्दूतलं असेल तर उर्दूतलंच. इंग्रजी शेवटी लिहा, आणि प्रत्येक वेळी फ्रेझल व्हर्बच हवं असा हट्ट नको. 'आठ दिन बंद रखा'साठी 'द ओनर्स केप्ट द लूम्स क्लोज्ड फॉर एट डेज' हे साधं वाक्य पुरतं, फक्त 'ओनर्स' लिहिण्याआधी त्या कामगाराला एकदा विचारून घ्या, रखा कोणी.