युरोपीय संघाचे ‘इलेक्ट्रॉनिक वाणिज्य’ : संज्ञा आणि तिची व्याप्ती

युरोपीय संघाचा ८ जून २००० चा निर्देश ‘इलेक्ट्रॉनिक वाणिज्य निर्देश’ म्हणून ओळखला जातो. परंतु त्यातील व्याख्यांच्या कलमात ‘इलेक्ट्रॉनिक वाणिज्य’ ही संज्ञाच नाही. व्याख्या आहे ती ‘माहिती-समाजाच्या सेवा’ या संज्ञेची, आणि तीही १९९८ च्या निर्देशाकडे बोट दाखवून. सामान्यतः मोबदला घेऊन, दूर अंतरावरून, इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे व ग्राहकाच्या वैयक्तिक मागणीवरून दिलेली सेवा, असा तिचा आशय आहे. बदलत्या तंत्रज्ञानासाठी अशी व्यापकता आवश्यक होती, असे समर्थन करता येईल. मात्र इलेक्ट्रॉनिक सेवा कोठे संपते व प्रत्यक्ष व्यवसाय कोठे सुरू होतो, हे या व्याख्येतून कळत नाही.

ते ठरविण्याचे काम न्यायालयावर आले. बार्सिलोनातील टॅक्सीचालकांच्या संघटनेच्या दाव्यात डिसेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने उबरची सेवा वाहतूक सेवा ठरविली. चालकांच्या कामाच्या अटींवर कंपनीचा निर्णायक प्रभाव असल्याचे त्यास आढळले. डिसेंबर २०१९ मध्ये एअरबीएनबी मात्र ‘माहिती-समाजाची सेवा’ ठरली व फ्रान्सला तिच्यावर मालमत्ता-दलालाच्या परवान्याची अट लादता आली नाही. वस्तुतः दोन्हींत इंटरनेटवरून मागणी नोंदविण्याची पद्धत एकच! प्रभावाची कसोटी तर्कशुद्ध आहे, पण ती व्याख्येच्या शब्दांतून निघत नाही, हे या परिभाषेचे मोठे वैगुण्य होय. २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमाने ‘ऑनलाइन मंच’ या संज्ञेची व्याख्या केली; जुनी संज्ञा मात्र तशीच ठेवली. न्यायालयाच्या कसोटीचा उल्लेख प्रास्ताविकात आला, व्याख्येत नाही.