बंद गिरणी, चालता माग आणि मराठी लेखणी

गिरणी संपाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाचे स्थान आमच्या मते फार वरचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पण नाटककार त्यांची सभा, मोर्चा, घोषणा यांच्या मागे लागत नाही. तो चाळीतील एक खोली दाखवतो, आणि हातचे काम गेलेल्या घरात आई व मुले एकमेकांशी कशा स्वरात बोलू लागतात ते ऐकवतो. याच नाटकावर महेश मांजरेकर यांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला. त्यात टोळ्या आणि पिस्तुले इतकी पुढे आली की खोली मागे पडली. ज्यांनी दोन्ही पाहिले असतील, त्यांना आमचे म्हणणे पटावे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि सुरतेत राहणाऱ्या मराठी वाचकाने तो विचारायला हवा. गिरण्या बंद पडल्या म्हणून लोकांनी कपडे घालणे सोडले नाही. मग कापड विणले कोणी? यंत्रमागाकडे काम सरकणे संपाच्या आधीच सुरू झाले होते. संपाने त्याला वेग दिला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आमची सुरत. शिवाय सुती धोतर-लुगड्याची जागा न चुरगळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याने घेतली, आणि त्या धाग्याची पेठ म्हणजे सुरत. १९०० साली पूर्ण झालेल्या तापी व्हॅली रेल्वेने धुळे, नंदुरबार, अमळनेरचा माणूस थेट सुरतेच्या फलाटावर आणून सोडला होताच. लिंबायत, उधना, डुंभाल, आमचे पर्वत पाटिया ही वस्ती त्याच रुळांवरून आली. लालबागच्या कथेचा दुसरा अंक येथे चालू आहे, परंतु मराठी लेखणी गिरणीच्या बंद फाटकापाशीच थांबली आहे. बंद पडलेल्या यंत्राविषयी आपल्याला चटकन गहिवर येतो. चालत्या यंत्रापाशी बारा तास उभा असलेला माणूस मात्र साहित्याचा विषय वाटत नाही, हे आमच्या अभिरुचीचे व्यंग आहे.

यंत्राकडे पाहायचे कसे, हे शिकायला फार दूर जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी आमच्याच खानदेशच्या, जळगावजवळच्या आसोद्याच्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. तिने जात्यावर गाणे केले आणि छापखान्यावरही केले. जाते तिच्या हाताखालचे, छापखाना तिच्या दृष्टीने अगदी नवा. पण दोहोंकडे तिची नजर सारखीच कुतूहलाची. ती नव्याला पाहून भुलत नाही की कपाळाला हात लावीत नाही. हे यंत्र काय करते ते आधी नीट पाहते आणि मग माणसाकडे वळते.

आमच्या कविसंमेलनांत मात्र हा क्रम उलटा होतो. दर वर्षी दोन-चार कविता तरी मोबाइलने नाती तोडल्याच्या, पत्रे गेल्याच्या, अंगण हरवल्याच्या असतात. अशा कवितांना टाळ्या भरपूर मिळतात, हेही नोंदवले पाहिजे. परंतु ज्या घरातील मुलगा सारोलीकडच्या कापड मार्केटात नोकरीला आहे, त्या घराचा मोबाइल निराळा आहे. साडीचा फोटो त्यावरून दक्षिणेतल्या दुकानदाराला जातो, पसंती तिथल्या तिथे कळते आणि संध्याकाळी पार्सल बांधले जाते. रात्री त्याच पडद्यावर चोपड्याची आजी नातवाला अहिराणीत रागे भरते. नाते येथे तुटले म्हणावे की जुळले? कवीने निदान हा पेच तरी मांडावा.

मागाचेही तसेच. जुन्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या खडखडाटाने शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, कांडी संपली की बदलावी लागते. वॉटर जेट मागावर धोटाच नाही. पाण्याची बारीक धार आडवा धागा ओढून नेते. सुताला ही रीत मानवत नाही, पाणी न शोषणाऱ्या पॉलिएस्टरला मानवते. वेग कित्येक पट वाढतो आणि तेवढ्या कापडाला माणसे कमी लागतात. जो टिकला, त्याने अधिक माग सांभाळायचे. उरलेल्यांनी रिक्षा घ्यायची, मार्केटात गाठोडी उचलायची किंवा गावी जायचे. जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरुद्ध कापड बाजार बंद राहिला तेव्हा, आणि २०२०च्या टाळेबंदीत तर फारच, या ‘उरलेल्यां’ची संख्या डोळ्यांना दिसली. आम्ही राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य काढले. अहवालात माग मोजता येतात, हे आम्हाला ठाऊक आहे. माग बंद झाल्यावर त्या माणसाने घरी जाऊन काय सांगितले, यासाठी अहवालात रकाना नसतो. ते काम जयंत पवारांसारख्याचे.

घरातील बाईचे काम तर रकान्यातही येत नाही. साडीला लेस लावणे, खडे चिकटवणे, सुटे धागे कापणे. नगावर मजुरी, ओसरीत बसून, स्वयंपाक आटोपल्यावर. जात्याची जागा या कामाने घेतली. पण जात्यावर ओवी होती, येथे शेजारी मोबाइलवर मालिका चालू असते. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. जात्याचे कष्ट ज्या पिढीने उपसले, तिला विचारून पाहावे.

अडचण भाषेची आहे, आणि ती खरी आहे. कारखान्यात हिंदी चालते, त्यात ओडिया मिसळते, शेठ गुजरातीत बोलतो, घरी अहिराणी आणि शाळेच्या पुस्तकात पुण्याची मराठी. प्रमाण मराठीत हे लिहायला गेले की सगळे भाषांतरासारखे वाटू लागते. ‘अधांतर’ने चाळीची बोली जशीच्या तशी मंचावर आणली म्हणून ते घर खरे वाटले. येथील लेखकाला चार भाषांची सरमिसळ न लाजता कागदावर आणावी लागेल, आणि आमच्यासारख्या शुद्धलेखनाच्या आग्रही मंडळींना ती वाचताना लाल पेन्सिल खाली ठेवावी लागेल. महापालिकेच्या मराठी शाळांत आज जी मुले-मुली बसतात, त्यांच्या घरी ताका, कांडी, बीम हे शब्द रोज उच्चारले जातात. त्यांतला ‘धोटा’ पुढे किती दिवस ऐकू येईल, सांगता येत नाही.